वाचलेलं खरंच फक्त 10 टक्के लक्षात राहतं?

‘वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, आणि आकडे इतके नीटनेटके आहेत की कुणालाही पटतील. पण जरा बघा, सगळे दहाच्या पटीत, खऱ्या प्रयोगात असे आकडे येत नाहीत, शिवाय काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं यातलं काहीच त्यात नाही.

खरं तर लिहिलंय कसं यावर बरंच अवलंबून असतं. एका प्रयोगात श्वसनाच्या धड्यात ‘फुफ्फुसं’च्या जागी ‘तुमची फुफ्फुसं’ असे बारीक बदल केले, बाकी मजकूर तोच, तरी तो धडा घेतलेल्यांना नवीन प्रश्न जास्त चांगले सोडवता आले. कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं की आपण समजून घ्यायला जास्त जोर लावतो. उगाच किस्से घुसडले तर मात्र मुद्दाच निसटतो हां.

तपासायचंय? एकच माहिती पुस्तकी भाषेत आणि बोलल्यासारखी अशी दोनदा लिहा, वेगवेगळ्या लोकांना द्या आणि दुसऱ्या दिवशी ती वापरावी लागेल असा प्रश्न विचारा, नुसतं ‘काय आठवतंय’ नको. आणि दोन-चार जणांवरून ठरवू नका, जमतील तेवढे घ्या.