टाइम-लॅप्स

टाइम-लॅप्स म्हणजे कॅमेरा एका जागी घट्ट बसवायचा, ठराविक अंतराने एकेक फोटो काढत राहायचं आणि नंतर ते सगळे फोटो व्हिडिओच्या नेहमीच्या स्पीडने, म्हणजे सेकंदाला २४, २५ किंवा ३० अशा हिशोबाने सलग पळवायचे. तासाभरात सरकलेले ढग दहा सेकंदात वाहून जातात, दोन-तीन दिवस चाललेलं कळीचं उमलणं बघता बघता उरकतं. बरेच जण याला नुसता फास्ट फॉरवर्ड समजतात पण तसं नाहीये, फास्ट फॉरवर्डमध्ये सगळं आधी शूट होतं आणि मग पळवलं जातं, इथे मधला वेळ शूटच होत नाही, म्हणून तर महिन्याभराचं काम एका मेमरी कार्डात मावतं आणि एकेका फोटोसाठी शटर (म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) वीस-वीस सेकंद उघडं ठेवता येतं. स्टॉप-मोशन हा याचाच सख्खा भाऊ, फक्त तिथे दोन फोटोंच्या मधे माणूस वस्तू हलवतो, इथे ती आपली आपण हलते.

सगळा खेळ इंटरव्हलचा, म्हणजे दोन फोटोंमधल्या वेळेचा आहे. हिशोब साधा, १० सेकंदांची क्लिप २५ च्या स्पीडने हवी तर २५० फोटो लागणार, दर ५ सेकंदांना एक काढला तर जवळपास २१ मिनिटं आणि दर ३० सेकंदांना काढला तर दोन तास पाच मिनिटं. पण हे गणित कुठलंही अ‍ॅप करून देतं. खरी गोष्ट ही की इंटरव्हल बदलला की दिसणारी वस्तूच बदलते. एखादा गजबजलेला चौक घ्या. दर सेकंदाला फोटो काढलात तर माणसांचे लोंढे आणि सिग्नलला तुंबणाऱ्या गाड्या दिसतील, दर अर्ध्या मिनिटाला काढलात तर माणसं नुसती लुकलुकतात, त्यांच्यात काही अर्थ उरत नाही, पण इमारतींच्या सावल्या रस्ता ओलांडताना दिसायला लागतात. आणि रोज ठरलेल्या वेळी एकच काढलात तर सावल्याही जवळजवळ थांबतात, मग दिसते झाडाची पानगळ नाहीतर समोर मजल्यावर मजला चढणारं बांधकाम. कॅमेरा तोच, चौकही तोच. त्यामुळे "काय शूट करू" याच्या आधी "किती हळू चालणारी गोष्ट बघायचीय" हे ठरवावं. ढोबळ मानाने पळत्या ढगांना १ ते ३ सेकंद, सूर्यास्ताला ५ च्या आसपास, सावल्यांना १५ ते ३०, कळीला पाच-दहा मिनिटं.

गंमत म्हणजे यातलं पहिलं म्हणावं असं काम कॅमेऱ्याशिवाय झालंय. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी रोपाच्या शेंड्याला काचेची बारीक काडी चिकटवली, शेजारी काचेची पट्टी उभी केली आणि ठराविक वेळाने शेंडा कुठे आहे त्याचा ठिपका त्या काचेवर काढत गेले, मग ठिपके जोडले तर शेंडा गोल गोल फिरत वाढतोय हे उघड झालं. १८८० मध्ये हे छापून आलं. त्यानंतर वीसेक वर्षांत विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने रोपांच्या हालचाली चक्क फिल्मवर घेतल्या. १९०१ मध्ये न्यूयॉर्कचं स्टार थिएटर पाडलं जात असताना समोरून रोज काही मिनिटांच्या अंतराने एकेक फ्रेम घेतली गेली, आणि ती फिल्म उलटी चालवली की पाडलेलं थिएटर पुन्हा उभं राहायचं, म्हणजे रिव्हर्सचा इफेक्ट तेव्हाही लोकांना तितकाच आवडायचा. १९१० मध्ये इंग्लंडच्या पर्सी स्मिथने फुलं उमलताना दाखवली. पुढे १९८२ चा कोयानिस्कात्सी हा सिनेमा, त्यात संवाद नाहीत, शहरं आणि ढग पळतात, रॉन फ्रिकेचा कॅमेरा. आज हायवेवरच्या लाल-पांढऱ्या दिव्यांच्या रेघा जिथे तिथे दिसतात त्याचं बरंचसं श्रेय या सिनेमाला जातं असं मला वाटतं.

फुलाचं शूटिंग ऐकायला सोपं वाटतं. खोलीत खिडकीचा उजेड अजिबात येऊ द्यायचा नाही, कारण बाहेर ढग आला की फ्रेम काळवंडते. मग रोपाला वाढायला वेगळा दिवा आणि फोटोला वेगळा, टायमरने फोटोच्या क्षणी वाढीचा दिवा बंद, फोटोचा चालू, परत उलट. वाढीचा दिवा एका बाजूला असेल तर रोप तिकडेच झुकणार. आणि फ्रेम कळीभोवती टाइट धरली तर दुसऱ्या दिवशी देठ लांबून कळी फ्रेमच्या बाहेर, म्हणून वर भरपूर जागा मोकळी सोडतात, सुरुवातीला ती फ्रेम बावळट दिसली तरी. पंखा लावायचा नाही हे सांगायला नकोच.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे फ्लिकर, क्लिप चालवली की उजेड थरथरतो. ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटोफोकस, म्हणजे उजेड, रंग आणि फोकस कॅमेऱ्याने आपणच ठरवणं, हे सगळं बंद करून मॅन्युअलवर टाकलं की बराचसा जातो पण पूर्ण नाही, कारण बहुतेक लेन्समध्ये अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्या प्रत्येक फोटोला नव्याने मिटतात आणि दर वेळी अगदी तिथेच थांबत नाहीत, केसाएवढा फरक पडतो आणि एका फोटोत न दिसणारा तो फरक २५० फोटोंत डोळ्यात खुपतो. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, किंवा जुनी हाताने रिंग फिरवायची लेन्स लावा. काही जण तर पात्या मिटलेल्या असतानाच लेन्स किंचित फिरवून तिचं कॅमेऱ्याशी असलेलं कनेक्शन तोडतात, म्हणजे पात्या तिथेच अडकून राहतात (लेन्स नीट धरून करा, ती अर्धवट सुटलेली असते). उरलेला फ्लिकर एलआरटाइमलॅप्ससारख्या सॉफ्टवेअरने काढतात. भर दिवसापासून रात्रीपर्यंत सलग शूट करणं हे त्याहून अवघड, उजेड लाखो पटींनी उतरतो आणि सेटिंग हळूहळू बदलत न्यावं लागतं, तेही टप्पे न दिसता.

शटर फार फास्ट ठेवलं तर हालचाल झटके खात दिसते, म्हणून इंटरव्हलच्या निम्मा वेळ शटर उघडं असावं असं म्हणतात, दिवसा त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच लागते. ताऱ्यांना शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याला ५०० चा नियम, ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला आकडा) भागायचं, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ एमएमला साधारण २० सेकंद, त्याच्या पुढे तारे लांबट होतात कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरतेय. रात्री लेन्सवर दव धरतं आणि पहाटेचे सगळे फोटो धुरकट निघतात, त्यासाठी लेन्सभोवती गुंडाळायचा छोटा हीटर पट्टा मिळतो.

हायपरलॅप्समध्ये कॅमेराही सरकतो. समोरच्या इमारतीचा एखादा कोपरा पकडायचा, एक पाऊल टाकायचं, तो कोपरा व्ह्यूफाइंडरच्या त्याच चौकोनात आणायचा, फोटो, पुन्हा पाऊल. हाताने करताना घाम निघतो. २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने याच नावाचं अ‍ॅप काढलं आणि चालता चालता होऊ लागलं.

करमणुकीच्या पलीकडेही हे तंत्र खूप वापरात आहे. जेम्स बेलॉग या अमेरिकन फोटोग्राफरने २००७ पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे लावून त्या मागे हटताना दाखवल्या, लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या फोटोंमधून गूगलने अख्ख्या पृथ्वीचं टाइम-लॅप्स केलं, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्ये इन्क्युबेटरचं दार न उघडता भ्रूणाची वाढ अशीच बघतात. आणि डांबराचा थेंब! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या युनिव्हर्सिटीत १९२७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात नरसाळ्यातून डांबर गळतंय, एकेक थेंब पडायला सात ते तेरा वर्षं लागतात, २००० साली थेंब पडला तेव्हा नेमका कॅमेरा बिघडलेला. शेवटी २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या तशाच प्रयोगात थेंब तुटताना पहिल्यांदा कॅमेऱ्यात सापडला.

मोबाईलवर यातलं काहीच ठरवावं लागत नाही आणि तिथेच थोडा घोळ आहे. आयफोनचा टाइम-लॅप्स मोड रेकॉर्डिंग लांबलं की इंटरव्हल आपोआप दुप्पट करत जातो, दहा मिनिटांपर्यंत सेकंदाला दोन फ्रेम, मग एक, मग दोन सेकंदांना एक, म्हणजे दहा मिनिटं शूट करा की दोन तास, क्लिप २० ते ४० सेकंदांचीच मिळते. सोय चांगली आहे, पण तासभर सूर्यास्त धरला की ढग ज्या स्पीडने हवे होते त्या स्पीडने येतीलच असं नाही. इंटरव्हल स्वतः टाकू देणारं एखादं कॅमेरा अ‍ॅप घेतलं तर त्याच फोनवर बरंच काही निघतं, फक्त फोन चार्जिंगला लावा, एअरप्लेन मोडवर टाका आणि मधे हात लावू नका.