चंचल मूल आणि वेळेवरची शाबासकी

‘वार्षिक परीक्षेत चांगले मार्क आण, मग सायकल घेऊ.’ हे आमिष बहुतेक घरांत दाखवलं जातं आणि बऱ्याच मुलांना ते थोडंफार लागूही पडतं. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि अवधानाची कमतरता असलेल्या मुलावर मात्र ते वाया जातं. सायकल त्यालाही हवीच असते, पण मार्च महिना त्याच्या लेखी फार लांब असतो.

कृती आणि बक्षीस यांच्यात जितका वेळ जाईल, तितकी बक्षिसाची ओढ कमी होते. हे आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. या मुलांमध्ये ती ओढ फार झपाट्याने ओसरते. मेंदूतल्या डोपामीन या रसायनाच्या कामकाजाशी याचा संबंध असावा, असं अनेक संशोधक मानतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल होण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात वर्षं होतं, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम साधारण तोच, फक्त तिला वेळ जास्त लागतो. ‘मुद्दाम करतो’ हा आरोप या मुलांवर किती अन्याय करणारा आहे, ते यावरून कळावं.

म्हणूनच या मुलांसाठी वर्तनोपचार वापरतात, म्हणजे चांगल्या वागण्याला लगेच शाबासकी किंवा सवलत देऊन ते रुजवायचं. वर्तनोपचार म्हटलं की समुपदेशक मुलाला समोर बसवून समजावतील, अशी पालकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात लहान मुलांच्या बाबतीत शिकवणी सुरू होते ती आईबाबांची. सूचना कशी द्यायची, इथपासून. ‘नीट वाग’ यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘आवर, जेव, दप्तर भर आणि चपला घाल’ यातलं शेवटचंच काय ते कानात राहतं. त्याऐवजी जवळ जायचं, नाव घेऊन हाक मारायची, त्याने पाहिलं की एकच गोष्ट सांगायची: ‘गणिताची वही दप्तरात ठेव.’ ठेवली, की त्याच क्षणी म्हणायचं, ‘वही लगेच ठेवलीस, छान!’ नुसतं ‘शहाणा मुलगा’ म्हटल्याने कशाबद्दल शाबासकी मिळाली ते त्याला उमगत नाही.

शाळेसाठी रोजचं प्रगतिपत्रक असतं. त्यात तीन-चारच गोष्टी: हात वर करून बोलला, फळ्यावरचं उतरवून घेतलं, जागा सोडली नाही. बाई प्रत्येक तासाला खूण करतात आणि ठरलेल्या खुणा जमल्या की त्याच संध्याकाळी घरी ठरलेली सवलत मिळते, उदाहरणार्थ अर्धा तास जास्त खेळ. सुरुवातीचं उद्दिष्ट मुलाला सहज गाठता येईल इतकं सोपं ठेवतात. आपल्याकडे डायरीत शेरा येतो तो बहुधा तक्रारीचाच. बाईंच्या हातून रोज एखादी चांगली खूण घरी आली, तर घरातलं वातावरणही निवळतं.

विल्यम पेलहॅम या मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये फ्लोरिडात हेच तत्त्व वापरून उन्हाळी उपचार-शिबिर सुरू केलं. मुलं तिथे अभ्यास करतात, बेसबॉल खेळतात. खेळ चालू असतानाच त्यांना विचारलं जातं, ‘आत्ता स्कोअर किती?’ बरोबर सांगितलं की गुण मिळतात, नियम मोडला की कापले जातात. लक्ष देण्याचा सराव थेट मैदानावर होतो. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण या मुलांना मैत्री टिकवणं अवघड जातं आणि मैत्री व्याख्यानाने शिकवता येत नाही.

या उपचाराच्या मर्यादाही स्वच्छ सांगायला हव्यात. 1999 मध्ये अमेरिकेत 579 मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 14 महिन्यांनंतर लक्षणं पुरेशी आटोक्यात आलेल्या मुलांचं प्रमाण औषध आणि वर्तनोपचार एकत्र दिलेल्या गटात 68 टक्के होतं, नुसत्या काटेकोर औषधोपचाराच्या गटात 56, तर नुसत्या वर्तनोपचाराच्या गटात 34. एकत्रित उपचारात औषधाची मात्राही कमी लागली. म्हणजे चुळबुळ आणि अवधान यांवर औषध अधिक प्रभावी ठरतं. ते नाकारून पालकांना अपराधी वाटायला लावणं चुकीचं आहे. वर्तनोपचाराचा ठळक फायदा दिसतो तो हट्टी, उलटून बोलणाऱ्या वागण्यात आणि पालकांच्या स्वतःच्या वागण्यात: ओरडणं कमी होतं, कौतुक वाढतं.

मग आधी काय? चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: आधी पालक-प्रशिक्षण. मोठ्या मुलांबाबत पेलहॅम यांनीच 2016 मध्ये 146 मुलांचा अभ्यास मांडला. काहींना सुरुवात औषधाने, काहींना वर्तनोपचाराने. गरज पडली तर पुढे मात्रा वाढवायची किंवा दुसऱ्याची जोड द्यायची. वर्तनोपचाराने सुरुवात केलेल्या मुलांकडून वर्गात नियम कमी मोडले गेले आणि एकूण खर्चही कमी आला. औषधाने सुरुवात केलेल्यांना नंतर वर्तनोपचार देऊ केला, तेव्हा बरेचसे पालक प्रशिक्षणाच्या वर्गांना फिरकलेच नाहीत.

एक धोक्याची जागा आधीच माहीत असलेली बरी. आकांडतांडवाकडे दुर्लक्ष करायला लागलं, की पहिले काही दिवस ते वाढतं, कारण मूल जुना उपाय जास्त जोर लावून करून बघतं. अनेक पालक नेमके इथेच हात टेकतात आणि मोबाईल देऊन टाकतात. तसं झालं, की मूल शिकतं ते एवढंच: अजून थोडा वेळ रडलं की मिळतं.