‘बंगाल’ आणि ‘ओंडिना’ : ११ नोव्हेंबर १९४२ च्या लढाईची पार्श्वभूमी

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव जेमतेम पाच वर्षांचं होतं. १९३४ पर्यंत हेच दल ‘रॉयल इंडियन मरीन’ म्हणून ओळखलं जाई. मोजकी जहाजं, दोन हजारांच्या आत माणसं आणि मुख्य तळ मुंबई, एवढाच त्याचा पसारा. खलाशांमध्ये कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी मोठ्या संख्येने होते. युद्धात भरती वाढली आणि देशभरातली मुलं आली, पण त्यांच्यासाठी जहाजं कुठून आणायची? ऑस्ट्रेलियातल्या गोद्यांमध्ये तेव्हा ‘बॅथर्स्ट’ वर्गाची साठ छोटी जहाजं बांधली जात होती. त्यांतली चार भारताच्या वाट्याला आली : बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. त्यातलं ‘बॉम्बे’ तर जपानी पाणबुड्यांनी सिडनी बंदरात हल्ला केला त्या रात्री तिथेच होतं.

‘बंगाल’ ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत दाखल झालं. वजन सुमारे ६५० टन, वेग ताशी १५ नॉट. सुरुंग काढणं आणि पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांचं रक्षण करणं ही त्याची कामं. चार इंची तोफ मिळाली नाही म्हणून पुढे बारा पौंडी, म्हणजे साधारण बारा पौंडांचा गोळा टाकणारी लहान तोफ बसवलेली. मोठ्या तोफांच्या जहाजाशी समोरासमोर झुंजायला ते बांधलेलंच नव्हतं, आणि पुढचं सगळं समजून घेताना हे आधी लक्षात ठेवायला हवं.

५ नोव्हेंबरला ‘बंगाल’ ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालं. सोबत ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होतं. ओंडिनावर चार इंची एकच तोफ आणि तिच्यासाठी ३२ गोळे. सहाव्या दिवशी, ११ तारखेला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन मोठी जपानी जहाजं दिसली. ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’. मूळची प्रवासी आणि मालवाहू, पण आता १४० मिलिमीटरच्या तोफा, टॉर्पेडो आणि समुद्री विमानं बाळगणारी. प्रत्येकाचं आकारमान दहा हजार टनांवर.

‘बंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ओंडिनाला निसटायला सांगितलं आणि स्वतः ‘बंगाल’ थेट होकोकू मारूच्या अंगावर घातलं. शत्रूचा मारा आपल्यावर ओढून घ्यायचा, तेवढ्या वेळात तेलवाहू दूर जाईल, हा हिशेब. पण ओंडिना पळाली नाही. तिच्या तोफेनेही गोळे सोडायला सुरुवात केली. थोड्याच वेळात होकोकू मारूवर एक गोळा टॉर्पेडोंच्या जागी बसला, प्रचंड स्फोट झाला, आग पसरली आणि ते जहाज बुडालं.

तो गोळा नेमका कुणाचा यावर दोन्ही जहाजांनी हक्क सांगितला. अभ्यासकांचा कल ओंडिनाच्या तोफेकडे आहे, आणि मलाही तेच पटतं. त्याने बंगालची कामगिरी तसूभरही कमी होत नाही. रक्षक जहाजाचं काम शत्रू बुडवणं नव्हे, त्याला आपल्याकडे गुंतवणं, आणि ते ‘बंगाल’ने केलं. दारूगोळा संपत आल्यावर, ओंडिना बुडालीच असं समजून, धुराचा पडदा टाकून ते बाहेर पडलं आणि दिएगो गार्सियाला पोहोचलं. गोळे लागूनही त्यावरचा एकही माणूस दगावला नाही.

इकडे ओंडिनावरची माणसं खरी भरडली गेली. कप्तान होर्समान मारले गेले, बाकीच्यांनी होड्या उतरवल्या. आयकोकू मारूने टॉर्पेडो सोडले, होड्यांवर मशीनगन चालवली, मग आपल्या बुडालेल्या सोबत्याची माणसं उचलून ते निघून गेलं. टाक्या रिकाम्या होत्या, म्हणून ओंडिना कलली पण बुडाली नाही. वाचलेले लोक पुन्हा तिच्यावर चढले, त्यांनी आग विझवली आणि तिला फ्रीमँटलला परत नेलं. तेव्हा कुठे ती शाबूत असल्याचं जगाला कळलं.

विल्सन यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. ‘बंगाल’ युद्ध संपेपर्यंत हिंदी महासागरात राहिलं, स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात आलं आणि १९६० मध्ये मोडीत निघालं.