ग्लुकोजची रिंग आली कुठून?

बी.एस्सी.च्या पुस्तकात एका पानावर ग्लुकोजच्या रेणूची फिशरची उभी साखळी असते, म्हणजे कार्बन एकाखाली एक मांडलेले, पान उलटलं की त्याच रेणूची हॉवर्थची षटकोनी रिंग, मधलं काहीच नाही. इथे इंदूरला ट्यूशनला येणारी मुलं विचारतात की सर, साखळीची रिंग झाली कशी, आणि मला हा प्रश्न फार बरोबर वाटतो.

सुरुवात १८४६ ची. फ्रान्सच्या दुब्रुनफोला दिसलं की ग्लुकोजचं ताजं द्रावण पोलारीमीटरमधे, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती अंश वळवतं ते मोजणाऱ्या यंत्रात, ठेवलं तर आकडा एका जागी राहतच नाही. आपल्या लॅबमधेही हे दिसतं, सोडियम लॅम्पच्या पिवळ्या उजेडात नळी लावून बसायचं, स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे हे वळणं ठराविक मापात मांडलेला आकडा, +११२ च्या आसपासहून हळूहळू उतरत +५२.७ ला थांबतं, आणि अमोनियाचा थेंब टाकला तर हेच सगळं झटपट उरकतं. शिवाय साखळीच्या टोकाला अल्डिहाइड गट आहे म्हणून ग्लुकोजला अल्डिहाइड म्हणावं, तर अल्डिहाइड ओळखायच्या शिफच्या टेस्टला दाद देत नाही, जणू तो गट मोकळाच नाही. मग १८८३ ला टोलेन्सनं रिंग सुचवली, हा तोच, चांदीच्या आरशाच्या टेस्टवाला.

१८९१ मधे, म्हणजे आपलं होळकर कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, एमिल फिशरनं ग्लुकोजच्या कुठल्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) कुठल्या बाजूला ते ठरवलं, केवढं मोठं काम, पण चित्र साखळीचंच. १८९५ ला तान्रेनं ग्लुकोजची वेगवेगळी रूपं स्फटिकात वेगळी काढली, एक +११२ वालं, म्हणजे अल्फा, एक +१९ च्या जवळपास, म्हणजे बीटा, आणि पाण्यात दोन्ही शेवटी +५२.७ लाच येतात. रिंग बंद होताना पहिल्या कार्बनवरचा ओएच दोनपैकी एका बाजूला जातो असं धरलं तरच हे जुळतं.

पण रिंग केवढी? बरीच वर्षं सगळे पाच अणूंचीच धरून चालले. बर्मिंगहॅमला हॉवर्थ आणि हर्स्टनं जे केलं ते मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटतं. मोकळ्या प्रत्येक ओएचवर मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा गट) चढवायचा, रिंगमधे अडकलेल्या ऑक्सिजनवर तो चढूच शकत नाही, मग अ‍ॅसिडनं रिंग उघडायची अशी सोय करायची आणि नायट्रिक अ‍ॅसिडनं रेणू तोडायचा. तुकडा मिळाला पाच कार्बनचा, मधल्या तिन्ही कार्बनवर, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यावर, मिथाइल, म्हणजे मिथाइलशिवाय राहिलेला होता पाचवा कार्बन, चौथा नव्हे, म्हणजेच रिंग सहाची. हे १९२६ च्या सुमाराचं. हॉवर्थना १९३७ चं नोबेल मिळालं, कॅररबरोबर.

तो सपाट षटकोनही पूर्ण खरा नाही, रिंग खुर्चीसारखी वाकलेली असते, आणि बीटा ग्लुकोजमधे सगळे मोठे गट बाहेरच्या बाजूला ऐसपैस बसतात म्हणून पाण्यात ते ६४ टक्क्यांच्या आसपास असतं. फ्रुक्टोज तर आणखी वेगळं, एकटं स्फटिकात असलं की सहाची रिंग, पण आपल्या रोजच्या साखरेत, म्हणजे सुक्रोजमधे, ग्लुकोजला जोडलेलं असतं तेव्हा पाचाची, आणि परीक्षेत सुक्रोज काढताना मुलं नेमकी इथेच सहाची काढून येतात.