गट फुटल्यावर मागे राहिलेले : सोलो न झालेल्या गायकांची पार्श्वभूमी

गायकांचा गट फुटला की दोन-तीन वर्षांत एकदोघांचे सोलो अल्बम येतात आणि बाकीच्यांची नावं मागे पडतात. या बाकीच्यांबद्दल चाहत्यांचा निकाल ठरलेला असतो. आवाजात दम नव्हता, नाहीतर मेहनतीची तयारी नव्हती. करार आणि कोर्टातल्या भांडणांचा इतिहास पाहिला तर हा निकाल घाईचा आहे, आणि पुष्कळदा अन्यायाचाही.

जुन्या काळाचे दोन प्रसंग पुरेत. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गाजलेल्या गटाच्या मॅनेजरने सगळ्या गायकांना एकदम काढून टाकलं आणि तेच नाव दुसऱ्याच गटाला दिलं. नाव मॅनेजरच्या मालकीचं होतं, गायक पगारी होते. हिट गाणी गायलेली माणसं ओळख गमावून रस्त्यावर आली. पुढे १९६७ मध्ये डेट्रॉइटच्या एका रेकॉर्ड कंपनीने तीन गायिकांच्या गटाच्या नावापुढे मुख्य गायिकेचं नाव स्वतंत्रपणे जोडलं. १९७० मध्ये ती बाहेर पडली तेव्हा तिची सोलो वाट तीन वर्षं आधीपासून आखलेली होती. सोबतच्या गायिकांसाठी असं काहीच आखलेलं नव्हतं.

गटात गाण्याचं कसबही इथे आडवं येतं. हार्मनी, म्हणजे मुख्य सुराला जुळणारे साथीचे सूर, गाणाऱ्याला आवाज मिसळून टाकावा लागतो : कंप कमी करायचा, अ, आ, ई अशा स्वरांचे उच्चार शेजारच्याशी जुळवायचे, श्वास कुठे घ्यायचा तेही आपापसात ठरवायचं. उत्तम हार्मनी गायकाची खूण हीच, की त्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. दहा वर्षं हे काम चोख केलेल्या माणसाचा आवाज श्रोत्यांना ओळखताच येत नाही, आणि सोलो अल्बम विकला जातो तो ओळखीच्या आवाजावर.

पण सगळ्यात जास्त माणसं अडली ती करारातल्या एका कलमापाशी. १९९० च्या दशकात, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या गटांची लाट आली तेव्हा, पाश्चात्त्य रेकॉर्ड कंपन्यांच्या करारांत हे कलम सर्रास असे. गट सोडणाऱ्या सदस्यासाठीचं कलम. मुद्दा असा : गट सोडला किंवा गट मोडला तरी सदस्य कंपनीतून सुटत नाही. त्याच्या सोलो रेकॉर्डिंगवर पहिला हक्क कंपनीचा. तो वापरायचा की नाही हे ठरवायला कंपनीला मुदत मिळते, त्या काळात ती डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, मागू शकते, आणि सदस्याला दुसरीकडे सही करता येत नाही. कंपनीने हक्क वापरला तर अटी बहुधा आधीच लिहिलेल्या असतात, आणि त्या गटाच्या अटींपेक्षा हलक्या असतात.

खरा फास पुढे आहे. गटाला दिलेला अॅडव्हान्स, स्टुडिओचा खर्च आणि व्हिडिओंच्या खर्चाचा मोठा भाग कंपनी गायकांच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या त्यांच्या वाट्यातून, वळता करून घेते. समजा, पाच जणांच्या गटाच्या खात्यावर फुटायच्या वेळी दहा लाख डॉलर वसूल व्हायचे बाकी आहेत. अनेक करारांत यातला सदस्याचा हिस्सा, म्हणजे दोन लाख, त्याच्या सोलो खात्यावर चढवायची मुभा कंपनीला असे. एकही गाणं गायच्या आधी तो दोन लाखांनी मागे, वर नव्या अल्बमचा खर्च वेगळा. त्यात गटाची जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करायला काही वर्षं बंदी. ज्याला मुख्य गायक म्हणून लोक ओळखतात तो वकील लावून हे कलम सैल करून घेऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या जागेवर उभा राहणारा कशाच्या जोरावर घेणार?

या कलमावर वाद जुना आहे. कंपन्यांचं म्हणणं असं, की पैसा पाचही जणांवर लावलेला असतो, पुढे कोण चमकेल हे सही करताना कळत नाही, आणि पहिलं यश येताच एकाने उठून जायचं ठरवलं तर धंदा बुडेल. हे खोटं नाही. पण धोका सगळ्यांवर सारखा वाटल्याचं दाखवून ओझं सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडतं, हेही तितकंच खरं. त्यावर मॅनेजरांची तऱ्हा निराळी. फ्लोरिडातला एक मॅनेजर पाच जणांच्या गटात स्वतःला सहावा सदस्य धरून वाटा घेत होता. त्याने उभ्या केलेल्या दोन गटांना १९९० च्या दशकाच्या शेवटी कोर्टात जावं लागलं.

गाणं कोण लिहितो यावरही खूप अवलंबून असतं. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी सहसा कंपनीच्या वसुलीपासून वेगळी राहते. म्हणून गाणी लिहिणारा सदस्य गट फुटल्यावर पाच वर्षं शांतपणे थांबू शकतो, नुसता गाणारा थांबू शकत नाही. १९९६ मध्ये मोडलेल्या ब्रिटनच्या एका पाच जणांच्या गटात बहुतेक गाणी एकाच्या नावावर होती. त्या पाचांतल्या एकाने सोलो अल्बम कधीच काढला नाही. तो अभिनयाकडे आणि शिक्षणाकडे वळला, गट पुन्हा जमल्यावर परत आला, आणि २०१४ मध्ये स्वतःहून बाहेर पडला. त्याला अपयशी म्हणणाऱ्यांनी, त्याला एकट्याने गायची इच्छा होती का, हे आधी विचारायला हवं. नाचणारा, गटाला धरून ठेवणारा माणूस एकटा स्टेजवर उभा राहू इच्छित नसेल, तर ती त्याची निवड आहे.

आशियात अडथळा वेगळा. २००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या पाच जणांच्या गटातले तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी तिथल्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे धंद्यातली स्पर्धा न्याय्य राहावी हे पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, नमुना करार आणला आणि मुदत सात वर्षांवर आणली. तिघांना कोर्टाकडून दिलासा मिळाला, पण पुढे बरीच वर्षं टीव्हीच्या संगीत कार्यक्रमांची दारं त्यांना जवळपास बंदच राहिली. अशा वगळण्याला आळा घालणारी दुरुस्ती प्रसारण कायद्यात २०१५ मध्ये झाली. जपानमध्ये २०१६ च्या अखेरीस विसर्जित झालेल्या गटातले तिघे आपली एजन्सी, म्हणजे कलाकारांचं काम सांभाळणारी कंपनी, सोडून गेले. त्यांना कार्यक्रमांत न घेण्यासाठी वाहिन्यांवर दबाव आणल्याच्या संशयावरून २०१९ मध्ये त्या एजन्सीला तिथल्या स्पर्धा नियामकाने समज दिली. आवाज, चाहते, इच्छा, सगळं असूनही ऐकवायला जागाच नसेल तर सोलो कारकीर्द सुरू कुठून होणार?

याच काळात मात्र दुसरीकडे चित्र झपाट्याने बदललं. गायकाचे चाहते त्याच्या स्वतःच्या खात्यावर असतात आणि गाणं थेट स्ट्रीमिंगवर जातं, त्यामुळे तिसऱ्या जागेवरच्या सदस्यालाही आपले श्रोते किती हे दाखवता येतं. २०१६ पासून थांबलेल्या एका ब्रिटिश-आयरिश गटातल्या पाचही जणांचे सोलो अल्बम २०२० पर्यंत आले होते. कोरियातल्या सात जणांच्या एका गटाने जून २०२२ मध्ये एकेकट्या कामावर भर देण्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत सातही जणांचं सोलो काम बाजारात होतं. तिथल्याच चार मुलींच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंपनीशी फक्त गटापुरता करार वाढवला. सोलो कामाचे हक्क चौघींनी त्या कंपनीबाहेर ठेवले.