आयोवा ८० ट्रकस्टॉप

अमेरिकेच्या आयोवा राज्यात वॉलकॉट या गावाजवळ, इंटरस्टेट ८० या महामार्गाला लागून असलेला ट्रकतळ. त्याचे आवार सुमारे २२५ एकरांचे असून एका वेळी ९०० ट्रक उभे राहतील एवढी जागा त्यात आहे. दाराशी ‘जगातील सर्वांत मोठा ट्रकस्टॉप’ अशी पाटी आहे. दिवसाला साधारण ५,००० माणसे येथे येतात. त्यांत माल घेऊन निघालेले ड्रायव्हर असतात, तसेच ज्यांना डिझेल नको आणि टायरही नको, अशी केवळ बघायला आलेली कुटुंबेही असतात. वॉलकॉटची स्वतःची वस्ती दीड हजारांच्या आसपास आहे. म्हणजे रोज गावाच्या तिप्पट पाहुणे, आणि बहुतेक सगळे रस्त्यापलीकडचे गाव न बघताच निघून जातात.

इंटरस्टेट ८० सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीतल्या टीनेकपर्यंत सुमारे ४,६७० किमी. धावतो. आयोवात बाहेर पडण्याच्या वाटांचे क्रमांक पश्चिम सीमेपासूनच्या मैलांवर ठरतात. ट्रकस्टॉपची वाट २८४ क्रमांकाची, म्हणजे मिझुरी नदी मागे टाकून २८४ मैल आल्यावरची. पूर्वेकडे मिसिसिपी ३५ किमी.वर आहे आणि शिकागो तीनेक तासांच्या अंतरावर.

अशी ठिकाणे नेमकी महामार्गाच्या फाट्यांवरच का वाढली, याचे उत्तर कायद्यात आहे. १९५६च्या कायद्याने इंटरस्टेट रस्त्यांचे जाळे उभे राहू लागले. त्या रस्त्यांवरच्या सरकारी विश्रांतिस्थळांवर पेट्रोलपंप किंवा खानावळ चालवायला संघराज्याची मनाई आहे. आधीपासूनच्या काही टोल रस्त्यांना तेवढी सूट मिळाली. त्यामुळे सरकारी जागेत स्वच्छतागृह, बाके आणि नकाशा. पोटाची आणि टाकीची सोय मात्र फाटा ओलांडून खाजगी जमिनीवर. स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९६४ साली येथे पंप उभारला, तेव्हा आयोवातला महामार्ग पुरा झालेलाही नव्हता. एक छोटी पांढरी इमारत, दोन ट्रकांपुरते गॅरेज, लहानसे दुकान आणि उपाहारगृह एवढाच सगळा पसारा होता. ही जागा हेरली ती कंपनीच्या नोकरीत असलेल्या बिल मून यांनी. १९६५मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला आणि १९८४ साली ट्रकस्टॉप विकतच घेतला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. मालकी आजही कुटुंबाकडेच आहे.

आत शिरल्यावर प्रथम नजरेत भरते ते क्रोम, म्हणजे धातूवरचा चकचकीत मुलामा. ट्रकच्या सुट्या भागांच्या दालनात चकाकणारे बंपर, धुराड्याच्या उभ्या नळ्या, चाकांच्या नटांवरच्या टोप्या आणि शेकडो रंगीत दिवे भिंतभर मांडलेले असतात. छताखाली आख्खे ट्रक उभे केलेले असतात, ते विक्रीच्या मालापेक्षा हौसेसाठीच अधिक. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर शेर, नजर लागू नये म्हणून काळी बाहुली आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ असते. येथे ड्रायव्हरचा तोच जीव दिव्यांत आणि क्रोममध्ये अडकलेला दिसतो. मोटारीने आलेली पोरे या दालनातून लवकर हलत नाहीत.

बाकीचा पसारा ड्रायव्हरच्या गरजेतून उगवला आहे. ३०० आसनांचे उपाहारगृह, न्हावी, दंतवैद्य, पाठ-मानेची दुखणी बघणारा कायरोप्रॅक्टर, कपडे धुण्याची यंत्रे, व्यायामाची खोली, छोटे चित्रपटगृह, ट्रक धुण्याची मोठी शेड, आणि ड्रायव्हरच्या सोबत फिरणाऱ्या कुत्र्याला आंघोळ घालायची स्वतंत्र जागासुद्धा. पर्यटकाला ही यादी गमतीची वाटते. पण तीन-तीन आठवडे घरी न जाणाऱ्या माणसाची दाढ ठणकली, तर २२ मीटर लांबीची गाडी घेऊन तो गावातल्या कोणत्या दवाखान्यासमोर उभा राहणार? आंघोळीचेही तसेच. डिझेल भरले की खात्यावर आंघोळ जमा होते. काउंटरवर नंबर घ्यायचा, पुकारा झाला की कुलूपबंद खोलीत जायचे. आत धुतलेले टॉवेल ठेवलेले असतात आणि प्रत्येक माणसानंतर खोली साफ केली जाते.

पाहण्यासारखी खरी गोष्ट मात्र बाहेर आहे, आणि बहुतेक पर्यटक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ती म्हणजे वजनकाटा. अमेरिकेत इंटरस्टेटवर सर्वसाधारण मर्यादा एकूण ८०,००० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ टनांची. शिवाय लगतच्या दोन आसांवर मिळून ३४,००० पौंडांची वेगळी मर्यादा असते. एकूण वजन बरोबर असले, तरी माल एका टोकाला जास्त लागला असेल तर दंड होतोच. म्हणून काट्याचे तुकडे केलेले असतात: पुढची चाके एका पट्टीवर, इंजिनाची चाके दुसऱ्या आणि ट्रेलरची तिसऱ्या. ड्रायव्हर गाडी लावतो, खिडकीतून हात काढून बटण दाबतो, आणि तिन्ही वजनांची पावती घेतो. मधल्या चाकांवर भार जास्त निघाला की ट्रेलरखालच्या खिळ्या ओढायच्या, ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि गाडी हळूच पुढेमागे करायची. ट्रेलरच्या चाकांचा सांगाडा एकेक भोक पुढे सरकतो आणि मधल्या चाकांवरचा भार त्या चाकांवर जातो. मग पुन्हा काटा. मून यांनी १९७७ साली याच कामासाठी कॅट स्केल ही कंपनी काढली. तिने वजन बरोबर दाखवूनही पुढे नाक्यावर ओव्हरलोडचा दंड झाला, तर कंपनी दंड भरते किंवा ड्रायव्हरच्या बाजूने कोर्टात उभी राहते. देशभर पसरलेल्या या काट्यांचे मुख्यालय वॉलकॉटमध्येच आहे. माझ्या मते क्रोमच्या दालनापेक्षा हा काटा अर्धा तास बघावा. ट्रकचा धंदा त्यात जास्त कळतो.

संध्याकाळी तळ भरत जातो, त्यालाही नियमच कारण. दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, आणि २०१७च्या अखेरीपासून बहुतेक ट्रकांत त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते. तास संपत आले की जागा सापडायलाच हवी, आणि देशात अशा जागांची टंचाई आहे. एका बंद पेट्रोलपंपावर थांबलेल्या जेसन नावाच्या ड्रायव्हरचा २००९ साली खून झाला. त्यानंतर २०१२ मध्ये सुरक्षित थांब्यांसाठी ‘जेसन्स लॉ’ या नावाने तरतूद झाली. म्हणून येथे ९०० हा आकडा केवळ मिरवण्याचा नाही. हिंडायला आलेल्यांनी मोटारींच्या वाहनतळातच गाडी लावावी आणि ट्रकांच्या रांगांतून चालत फोटो काढू नयेत. ट्रेलर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला मागचे माणूस दिसत नाही, आणि पडदे ओढलेल्या केबिनमध्ये कोणीतरी झोपलेले असते.

आवाराजवळचे ट्रक संग्रहालय २००८ मध्ये उघडले. मून यांना जुने ट्रक जमवण्याचा नाद होता. शंभराहून अधिक गाड्या आता तेथे आहेत. मोटारींची संग्रहालये जगभर आहेत, पण माल वाहून झिजणाऱ्या गाड्या सहसा भंगारात जातात, म्हणून या संग्रहाचे मोल वेगळे. जुलैत भरणारी ‘ट्रकर्स जंबोरी’ ही १९७९पासूनची जत्रा आहे. सजवलेल्या ट्रकांची सौंदर्यस्पर्धा, जुन्या गाड्यांची मांडणी, गाणीबजावणी, आणि पोर्क चॉप. वराहपालनात आयोवा अमेरिकेत पहिला, त्यामुळे तो पदार्थ चुकत नाही.

हमरस्त्यावरच्या अवाढव्य दुकानालाच प्रेक्षणीय स्थळ करण्याची अमेरिकेत जुनी रीत आहे. साउथ डकोटातले वॉल ड्रग हे औषधाचे दुकान १९३०च्या दशकात बर्फाचे पाणी फुकट देण्याच्या पाट्यांवर नावारूपाला आले. टेक्सासमधून पसरलेली बकीज ही बीव्हर या प्राण्याच्या चित्राची पेट्रोलपंप-दुकानांची साखळी आजची सर्वांत गाजलेली. २०२४मध्ये लुलिंग येथे उघडलेले तिचे दुकान सुमारे ७५,००० चौरस फुटांचे आहे. मात्र बकीजमध्ये अठरा चाकी ट्रकांना प्रवेश नाही. आपला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचा फूड मॉलही मुख्यतः मोटार आणि बसच्या प्रवाशांचा. तेथे वडापावसाठी गर्दी होते, ट्रक ड्रायव्हरच्या दाढेची सोय कोणी केलेली नाही. शिकागोकडून पश्चिमेला निघालेल्या मराठी कुटुंबाला आयोवा ८० वाटेतच लागतो. शाकाहारी माणसाचे तेथे बटाटा, सॅलड आणि पाय या गोड पदार्थावर भागते, आणि कॉफी दिवसरात्र मिळते.