टोनिंग : चांदीच्या नाण्यांवरील नैसर्गिक व कृत्रिम रंगांची पारख

हवेतील किंवा वेष्टनातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे चांदीच्या नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि नाणे सोनेरी, किरमिजी, निळे असे रंग धरते. संग्राहक याला टोनिंग म्हणतात. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते ती हीच क्रिया. नाण्यावर ती मध्येच कुठेतरी थांबलेली असते, इतकेच. हा रंग आपोआप चढला की कोणी चढवला, हे ठरवणे हा नाणेपरीक्षणातील बहुधा सर्वांत वादग्रस्त भाग होय. ही चर्चा प्रामुख्याने अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरभोवती वाढली असल्याने नोंदीत त्याच नाण्याचा आधार घेतला आहे.

रंगांचा क्रम : थराला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, त्याप्रमाणे थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग उमटतात. म्हणून रंग जाडीवर अवलंबून असतो आणि त्याला क्रम असतो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस-किरमिजी, निळा, फिकट निळसर, थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा, किरमिजी आणि हिरवा, शेवटी करडा-काळा. परीक्षकाची पहिली कसोटी याच क्रमाची. सावकाश चढलेला रंग बहुधा कडेकडून आत उतरत जातो व मधल्या पायऱ्या गाळत नाही. गडद निळ्याला लागून एकदम पांढरी चांदी दिसली, किंवा आधीची कडी नसताना हिरवा दिसला, तर शंका घेतात. क्रम बरोबर असणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण घाईने वाढवलेला थरही याच पायऱ्या चढतो. क्रम चुकलेला असणे अधिक बोलके.

पिशवीतले डॉलर : मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडला गेला (वजन 26.73 ग्रॅम, चांदी 90 टक्के). हजार-हजार नाण्यांच्या जाड कापडी पिशव्या सरकारी तिजोऱ्यांत कित्येक दशके पडून होत्या. 1960 नंतरच्या काही वर्षांत त्यांतल्या पुष्कळ बाहेर आल्या. कापडाला टेकलेली बाजू रंगलेली आणि उलट बाजू पांढरीशुभ्र, शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा, क्वचित कापडाची वीण जशीच्या तशी उमटलेली, ही या ‘पिशवी-टोनिंग’ची लक्षणे मानतात.

हे गंधक आले कोठून, याबद्दल एकमत नाही. एक मत कापडावरील प्रक्रियेकडे बोट दाखवते, दुसरे तिजोरीतील हवा व दमटपणाकडे. एकाच बाजूचा रंग आणि विणीचा ठसा पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. परंतु त्याच पिशव्यांतली बहुसंख्य नाणी पांढरीच निघाली, त्यामुळे दमटपणा व उष्णतेचा वाटा वगळता येत नाही. 1947 ते 1958 या काळातील अमेरिकी टांकसाळीचे पुठ्ठ्यातले संच आणि जुने पुठ्ठ्याचे अल्बम यांच्याबाबत असा वाद कमी आहे : तेथे रंग पुठ्ठ्यातून येतो व अल्बममधील नाण्याला बहुधा कडेने कडी पडते.

हाती धरून पाहणे : नाणे एकाच दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवतात. न वापरलेल्या नाण्यावर झळाळीचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. तो रंगातूनही अखंड फिरला पाहिजे. रंग जिथे खडूसारखा मंद होऊन पट्टा तुटतो, तिथे खाली पृष्ठभाग घासला गेला असण्याचा किंवा अॅसिडच्या धुण्यात झळाळी गेल्याचा संभव असतो. मग भिंगाने अक्षरे पाहतात. पिशवी-टोनिंगमध्ये तारे व अक्षरे यांच्याभोवती पुष्कळदा फिकट कडा राहते. द्रव ओतून रंगवलेल्या नाण्यावर रंग अक्षरांवरून सरळ वाहून गेलेला दिसतो. ओरखडेही बोलतात. रंग चढल्यावर पडलेला ओरखडा चांदीसारखा चमकतो. ओरखड्याच्या तळातही तोच रंग असेल तर रंग ओरखड्यानंतरचा. नंतरचा म्हणजे कृत्रिमच, असे मात्र नाही.

कृत्रिम रंगासाठी पोटॅशियम पॉलिसल्फाइडचे द्रावण, भट्टीची ऊब, उकडलेल्या अंड्याचा बलक असे उपाय माहीत आहेत.

व्याख्येचा वाद : रसायनाच्या दृष्टीने दोन्ही थर सल्फाइडचेच. कोणी गंधकयुक्त कागदाच्या पाकिटात नाणे मुद्दाम वीस वर्षे ठेवले तर त्यास काय म्हणावे? काहींच्या मते हेतू निर्णायक, काहींच्या मते काळ. हेतू नाण्यावर उमटत नाही, म्हणून व्यवहारात दुसरे मत चालते, असे दिसते. पीसीजीएस (1986 पासून) आणि एनजीसी (1987 पासून) या संस्था नाणे पारखून, शेल्डन श्रेणीत (नाण्याची स्थिती 1 ते 70 अंकांत सांगणारी मोजपट्टी) बसवून प्लास्टिकच्या बंद पेटीत देतात. पेटी मिळाली याचा अर्थ रंग बाजाराला मान्य होण्याजोगा वाटला, इतकाच. तो नैसर्गिकच आहे असा दाखला त्यात नसतो. शंका आल्यास पीसीजीएस अंकी श्रेणी न देता ‘संशयास्पद रंग’ असा शेरा मारते. एकदा नाकारलेले नाणे पुन्हा धाडल्यावर स्वीकारले जाते, असेही घडते.

भारतीय रुपये : ब्रिटिशकालीन रुपयावर (11.66 ग्रॅम, 1940 पूर्वीच्या नाण्यांत सुमारे 91.7 टक्के चांदी) मूळचा रंग तुलनेने कमी आढळतो. मराठी घरांत लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंच किंवा रांगोळीने घासून लख्ख करण्याची रीत आहे. अशा नाण्यावर पुढे चढलेला रंग आपोआपचाच असतो, पण त्याखाली घासल्याच्या केसासारख्या रेषा राहतात आणि पेटीवर ‘साफ केलेले’ असा शेरा पडतो.

इतर धातू : तांब्यात लाल, लाल-तपकिरी व तपकिरी असे तीन वर्ग करतात, भडक निळसर-जांभळे तांबे काही साफसफाईच्या द्रवांमुळेही होते. सोन्याच्या नाण्यांवरील रंग बहुधा त्यांतील तांबे किंवा चांदी यांमुळे येतो.